उरलेलं कुणाचं?

रोज पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना दिवसाला साधारण साडेपाचशे टन साखर काढतो. त्याच दिवसात त्याच कारखान्यातून चौदाशे टन बगॅस (रस काढल्यावर राहिलेला चोथा), दोनशे टन मळी आणि पावणेदोनशे टन प्रेसमड (रस निवळताना बसलेला गाळ) बाहेर पडतो. नुसतं वजन धरलं तर ज्या मालाच्या नावाने कारखाना ओळखला जातो तो चौथ्या हिश्श्याहून कमी भरतो. बाकी सगळं उरलेलं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘उरलंसुरलं’ हा विषय दिला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा फोडणीची पोळी आणि गोधड्या असाव्यात. मी मात्र गाळप हंगामात कृष्णाकाठी गेलो आणि तिथून पुढे विदर्भात. गेली काही वर्षं परिसंवादांतून एकच गोष्ट वेगवेगळ्या स्लाइडवर दिसते: खनिज तेल संपणारं आहे, पीक दरवर्षी उगवतं, तेव्हा पेट्रोल, प्लास्टिक, कागद, वीज हे सगळं शेतातून काढू. अन्नदात्याने ऊर्जादाता व्हावं ही नितीन गडकरींची घोषणा तर तालुक्याच्या सभांपर्यंत पोचली आहे. त्यामागचं रसायनशास्त्र खोटं नाही. पण स्लाइडवर एक बाण असतो, शेतातून थेट कारखान्याकडे जाणारा, आणि त्या बाणाच्या वाटेत कोण कोण उभं आहे हे तिथे दिसत नाही. मला तेच पाहायचं होतं. आज ज्याला कच्चा माल म्हणतात तो काल कुठे जात होता, आणि त्याला भाव आला की कुणाच्या हातून सुटतो?

निम्मं पाणी, निम्मा जाळ

शेवटच्या गिरणीतून बाहेर पडलेला बगॅस हाताला कोमट, ओलसर लागतो. निम्मं वजन पाण्याचंच. पट्ट्यावरून तो थेट बॉयलरकडे जातो, आणि जेवढा जास्त होईल तेवढा यार्डात ढीग होऊन पडतो. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीला टेकेल असा तो ढीग, वर बुलडोझर फिरतोय, कडेने पाण्याचे पाइप. पाइप आगीसाठी. ढीग आतून आपोआप तापतो आणि एकदा पेटला की दिवसेंदिवस धुमसत राहतो. जुना, बुरशी धरलेला बगॅस उपसणाऱ्यांच्या फुफ्फुसांना होणाऱ्या आजाराला वैद्यकशास्त्रात बगॅसोसिस असं स्वतंत्र नावच आहे. यार्डात काम करणाऱ्यांच्या तोंडाला रुमाल होते. मास्क एकाच्याच, तोही हनुवटीवर.

कारखान्याच्या अभियंत्यांनी मला एक गंमत सांगितली, आणि मग मी ती इतरांकडूनही पडताळून घेतली. जुन्या कारखान्यांचे बॉयलर जाणूनबुजून उधळे असत. एकवीस किंवा बत्तीस किलो दाबाचे ते बॉयलर बगॅस सढळ हाताने खात, कारण बगॅस उरणं हीच तेव्हाची अडचण होती. ढीग ठेवायला जागा नाही, आगीची भीती, घ्यायला कुणी नाही. तेव्हा हंगाम संपताना बगॅसही संपला पाहिजे असाच हिशेब बांधलेला. पुढे वीज विकता येते म्हटल्यावर हिशेब उलटा झाला. सत्त्याऐंशी, एकशे दहा किलो दाबाचे बॉयलर आले. तीच वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर रस आटवायच्या भांड्यांकडे जाते. गिरण्यांना विजेच्या मोटारी बसल्या, वाफेची चोरगळती बुजवली गेली. वाचलेल्या प्रत्येक टनाला आता किंमत होती.

“साहेब, पूर्वी मला विचारायचे, बगॅस संपला का? आता विचारतात, किती वाचवला?” असं ते हसत म्हणाले. हसू लवकर मावळलं. सहवीजनिर्मितीचे प्रकल्प कर्ज काढून उभे राहिले ते युनिटला सहा रुपयांच्या वर दर मिळेल या भरवशावर. मग स्वस्त सौरऊर्जा आली, निविदा स्पर्धात्मक झाल्या आणि दर पाचाच्या आसपास आला. कर्जाचा हप्ता आपल्या जागीच राहिला.

याच बगॅसवर कागदवाल्यांचाही डोळा आहे. तामिळनाडूत करूरजवळ तामिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स या सरकारी कंपनीने १९८० च्या दशकापासून बगॅसचा वृत्तपत्री कागद बनवला. त्यांची खरी करामत मला कागदात वाटत नाही, करारात वाटते. साखर कारखान्याकडून बगॅस घ्यायचा तर त्याचा बॉयलर कशावर चालणार? म्हणून कंपनीने बगॅसच्या बदल्यात कारखान्यांना दुसरं इंधन आणि वाफ देऊ केली. पुढचं काम साठवणीचं. हंगाम काही महिन्यांचा आणि कागदाची मशीन बारमाही. बगॅसमधला मऊ गाभा वेगळा काढायचा, कारण त्याने कागद ठिसूळ होतो, आणि उरलेला धागा सतत पाणी मारून ओला ठेवायचा, म्हणजे कुजत नाही आणि पेटतही नाही. बॉयलरवाल्याला जो माल कोरडा हवा तोच कागदवाल्याला भिजलेला हवा.

कागदाच्या वाट्याला गेलेला बगॅस जर कोळशाने भरून काढला, तर झाड वाचलं पण कोळसा जळला. हा हिशेब परिसंवादात सहसा मांडत नाहीत.

कृष्णाकाठाहून परतताना वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. तिथे हा प्रश्नच नाही. चरकातून निघालेलं चिपाड अंगणात पसरतात, दोन-तीन उन्हं खाल्ली की जळव्या तेच चुलवाणात सारतो. भेंडीच्या पाण्याने रस निवळतो, वरची घाण झाऱ्याने निघते, काहिलीत गूळ होतो आणि चुलवाणातली राख शेतात जाते. विकायला काही उरत नाही, म्हणून भांडायलाही काही उरत नाही. गुऱ्हाळं कमी का झाली हे मला माहीत आहे, त्याची जाहिरात करायची नाही. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाचा चेहरा पाहिला की ती करावीशी वाटतही नाही.

मळीतून रबर

पिकापासून प्लास्टिक ही एकविसाव्या शतकाची कल्पना आहे असा समज असेल तर तो सोडून द्यावा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत या देशातलं प्लास्टिक आणि कृत्रिम रबर बऱ्याच अंशी उसाच्या मळीतूनच आलं. मुंबईत किलाचंद समूहाच्या पॉलिकेम कंपनीने १९५७ मध्ये पॉलिस्टायरीन बनवायला घेतलं. कोलकात्याजवळ रिश्रा इथे १९५९ मध्ये अल्कोहोलपासून पॉलिथिन निघू लागलं. आणि उत्तर प्रदेशात बरेलीला सिंथेटिक्स अँड केमिकल्स या किलाचंदांच्याच कंपनीने १९६३ मध्ये अल्कोहोलपासून कृत्रिम रबर बनवलं. टायरचं रबर, ज्याचं मूळ उसाच्या फडात.

कारण साधं होतं. कारखाने मळीने वैतागले होते. ही काळी, दाट, उग्र वासाची मळी खड्ड्यांत सोडली जायची, ओढ्यांत जायची. १९६१ च्या नियंत्रण आदेशाने तिचा दर आणि वाटप सरकारच्या हाती होतं, आणि दर मातीमोल होता. अल्कोहोलमधून पाणी काढून घेतलं की इथिलीन मिळतं, इथिलीन आलं की अर्धं रसायनशास्त्र दारात उभं. मग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तुर्भे-चेंबूरला युनियन कार्बाइडचा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नाफ्था क्रॅकर आला. तेलातून तेच इथिलीन मोठ्या प्रमाणावर, बारा महिने, स्वस्तात निघू लागलं. मळीवरची रसायनं मागे पडली. जे आज नवं म्हणून मिरवतं ते एकदा होऊन गेलेलं आहे, आणि ते तंत्राअभावी मेलं नाही, दरात हरलं.

सगळंच मेलं असंही नाही. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला सोमय्यांच्या गोदावरी बायोरिफायनरीजमध्ये इथेनॉलपासून एथिल ॲसिटेटसारखी रसायनं आजही बनतात. छपाईची शाई, औषधं, सौंदर्यप्रसाधनं यांत ती जातात. नव्या फेरीतलं नाव पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए. साखरेवर जिवाणू सोडायचे, ते लॅक्टिक आम्ल बनवतात (दह्यात असतं तेच), मग त्या आम्लाच्या रेणूंची साखळी जोडून प्लास्टिक. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उत्तर प्रदेशात कुंभी इथे बलरामपूर चिनीने वर्षाला ऐंशी हजार टनांचा कारखाना उभारायला घेतला आहे. मला यात एकच शंका आहे आणि ती रसायनाची नाही. पीएलए औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत कुजतं. गावच्या उकिरड्यावर ते साध्या प्लास्टिकसारखंच पडून राहतं. ते कुजवायची सोय किती नगरपालिकांकडे असेल, वाचकांनी आपल्या गावाकडे पाहून ठरवावं.

बरेलीच्या त्या रबर कंपनीचं नाव वकिलांना वेगळ्याच कारणाने पाठ आहे. औद्योगिक अल्कोहोलवर कर आणि नियंत्रण राज्याचं की केंद्राचं, यावर तिने लढलेला खटला १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी केंद्राच्या बाजूने निकाली काढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रानुसार आठ विरुद्ध एक मतांनी, तो फिरवला आणि राज्यांचा अधिकार मान्य केला. मळी खड्ड्यात जात होती तोवर तिच्यावर हक्क सांगायला कुणी आलं नव्हतं. तिची रसायनं झाली तेव्हा केंद्र आणि राज्य दोघंही कोर्टात उभे राहिले.

सात डिसेंबर

इथेनॉलची गोष्ट मात्र आज प्रत्येक कारखान्याच्या ताळेबंदात आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला, त्यातली दोन ठिकाणं मिरज आणि मनमाड. पुढची पंधरा-सोळा वर्षं तो रखडत चालला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने दार उघडलं. तोवर साखर पूर्ण काढून झाल्यावर उरलेल्या सी-हेवी मळीचंच इथेनॉल व्हायचं. आता एक पायरी आधीची, जास्त गोड बी-हेवी मळी आणि थेट उसाचा रसही चालणार होता. साखरेचं उत्पादन अति झालं होतं, भाव पडले होते, शेतकऱ्यांची बिलं थकली होती. तेल कंपन्या ठरलेल्या दराने इथेनॉल घेत आणि पैसे साखरेच्या मानाने लवकर देत. कारखान्याच्या रोखपालाला विचारा, त्याला यातला दुसरा भाग जास्त आवडतो.

डिस्टिलरीत आत शिरलं की आंबलेल्या उसाचा गोडसर वास येतो. मळीत पाणी घालून ती पातळ करतात, यीस्ट सोडतात, दीड दिवसात टाकीत आठ-दहा टक्के अल्कोहोल तयार होतं. उंच स्तंभांत ते ऊर्ध्वपातनाने पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत नेता येतं, पुढे उकळून काही होत नाही. पेट्रोलला मात्र शेवटचं पाणीही नको. पाणी राहिलं तर टाकीत अल्कोहोल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. म्हणून ती वाफ झिओलाइटच्या दाण्यांतून नेतात. दाण्यांची छिद्रं पाण्याच्या रेणूपुरतीच मोठी असतात. पाणी अडकतं, इथेनॉल पुढे जातं. टनभर सी-हेवी मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर, बी-हेवीतून तीनशेच्या वर. टनभर उसाचा रस सरळ वापरला तर सत्तर लिटर.

या भरवशावर महाराष्ट्रभर डिस्टिलऱ्या वाढल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात असताना, केंद्राचा आदेश आला: रसापासून आणि पाकापासून इथेनॉल तात्काळ बंद. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला होता, साखर कमी पडेल आणि निवडणुकीच्या तोंडावर महाग होईल ही भीती होती. आठवड्याभरात माघार झाली, सतरा लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून रस आणि बी-हेवीला परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती मर्यादाही उठली. मी भेटलेल्या डिस्टिलरी व्यवस्थापकांना तो दिवस तारखेसकट पाठ होता. “टाक्या रसाने भरलेल्या. रस काय, फ्रीजमध्ये ठेवायचा?” उसाचा रस काही तासांत खराब होतो हे त्यांना सांगायचं होतं. तेल जमिनीखाली वाट पाहू शकतं. पीक पाहू शकत नाही.

डिस्टिलरीतून शेवटी जे उरतं ते स्पेंटवॉश. लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर, काळपट तपकिरी, आणि नदीत गेलं तर पाण्यातला प्राणवायू ओढून घेणारं. महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या माणसांना याबद्दल मी काय सांगणार. आता थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे, म्हणून ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. जळून जी राख राहते तिच्यात पालाश असतं. ऊस जमिनीतून पालाश भरभरून उचलतो, रसातून ते मळीत येतं, मळीतून स्पेंटवॉशमध्ये, तिथून राखेत. भारत पालाशयुक्त खत जवळजवळ सगळं आयात करतो, त्यामुळे या राखेच्या खताला केंद्राच्या खत अनुदानात जागा मिळाली. पोत्यात भरून ते पुन्हा शेतकऱ्याकडे येतं, विकत. कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर हा प्रवास मी सांगितला तेव्हा बाकावरचे एक आजोबा एवढंच म्हणाले, “म्हंजे आमचंच आमाला. वाहतूक जास्त.”

मका, कोंबडी आणि सोयाबीन

उसावरचा भरवसा डळमळला तेव्हा सरकार मक्याकडे वळलं. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दर मिळाला. सी-हेवी मळीच्या इथेनॉलचा दर २०२४-२५ साठी ५७ रुपये ९७ पैसे होता. टनभर मक्यातून साधारण तीनशे ऐंशी लिटर निघतं. पाहता पाहता धान्याच्या इथेनॉलने उसाला मागे टाकलं आणि २०२५ मध्ये पेट्रोलमधलं मिश्रण वीस टक्क्यांवर पोचलं. मूळ उद्दिष्ट २०३० चं होतं.

मका इतके दिवस कोण खात होतं? मुख्यतः कोंबड्या. दर चढले तशी पोल्ट्रीवाल्यांनी आयात खुली करा म्हणून दिल्लीला धाव घेतली, आणि मका निर्यात करणारा देश म्यानमार-युक्रेनकडून मका आणू लागला. मका पिकवणाऱ्याचं भलं झालं, यात वाद नाही. छत्रपती संभाजीनगर, जळगाव, धुळ्याच्या शेतकऱ्याला बऱ्याच वर्षांनी भाव दिसला, आणि अंडं महाग झालं म्हणून त्याने मका स्वस्तात द्यावा असं मी तरी म्हणणार नाही.

पण मक्यातलं पिष्ट अल्कोहोलमध्ये गेल्यावर प्रथिनं मागे राहतात. तो वाळवलेला चोथा म्हणजे डीडीजीएस, पशुखाद्य म्हणून विकला जातो. डिस्टिलऱ्या वाढल्या तसा त्याचा बाजारात पूर आला. कोंबडीला आणि जनावराला प्रथिनांसाठी इतके दिवस सोयापेंड देत. हा चोथा तिच्याहून बराच स्वस्त. सोयापेंडीची मागणी दबली, पेंड उठेना म्हणून तेलगिरण्या सोयाबीनला भाव देईनात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या आडतीवर माल चार हजारांच्या आसपास जात होता. जागतिक तेजी-मंदी, खाद्यतेलाची आयात ही कारणं मोठी आहेत, सगळं खापर चोथ्यावर फोडता येणार नाही. तरी मक्याच्या उरलेल्याने सोयाबीनवाल्याच्या खिशात हात घातला हे खरंच. आणि या दोघांत कित्येकदा माणूस एकच असतो, वरच्या वावरात मका आणि खालच्यात सोयाबीन पेरणारा.

पऱ्हाटी

विदर्भातलं उरलेलं अगदी वेगळं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते, हेक्टरी दोन-तीन टन. मुंबईत माटुंग्याला मुख्यालय असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, कंपोस्ट, अळिंबीचं माध्यम, पेलेट आणि ब्रिकेट असं बरंच काही बनवून दाखवलं आहे. तिची १९२४ ची प्रयोगशाळा शंभरी ओलांडून गेली. पऱ्हाटीचं लाकूड कडक, बोर्डाला चांगलं. ब्रिकेटला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. वीटभट्ट्या, डाळमिल, कापडगिरण्यांचे बॉयलर तो घेतात. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ठरावीक टक्के जैवइंधन मिसळावं असं केंद्राचं २०२१ चं धोरणही आहे.

मग गाडं अडतं कुठे? काडी उपटण्यापाशी. पऱ्हाटीचं सोटमूळ खोल असतं. चिमट्याने एकेक झाड उपटायचं, ऊन फेब्रुवारीचं, मजुरी रोजची. उपटून झालं की वाहतूक. फांद्याफांद्यांचा हा माल ट्रॉलीत दाबला जात नाही, निम्मी ट्रॉली हवाच वाहते. म्हणून शेतातच श्रेडर लावून चुरा करायचा, चुरा ब्रिकेटच्या कारखान्यात न्यायचा, तोही चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आतला पाहिजे, नाहीतर डिझेलच सगळं खातं. काडीपुरते पैसे देणारा व्यापारी आणि उपटण्याची मजुरी, यांत शेतकऱ्याला बहुतेक वेळा एकच फायदा उरतो: वावर फुकटात मोकळं झालं.

तो फायदाही लहान नाही. गुलाबी बोंडअळीचे कोष किडक्या बोंडांत आणि पऱ्हाटीत राहतात. २०१७ च्या हंगामात तिने वऱ्हाडाचं जे केलं ते तिथे कुणी विसरलेलं नाही. कृषी विभाग तेव्हापासून घसा कोरडा करतोय की फरदड (मुख्य वेचणीनंतरही राखलेलं पीक) घेऊ नका, जानेवारीपर्यंत पऱ्हाटी हलवा, धुऱ्यावर गंज्या लावू नका. पण धुऱ्यावरची ती गंजी म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं सरपण.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी एका बाईंशी बोलत बसलो. घरात उज्ज्वलाचा सिलिंडर होता, चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी चुलीवर. तिची स्वतःची शेती नाही. ज्यांच्याकडे ती वेचायला जाते त्यांच्या वावरातली पऱ्हाटी ती आणि शेजारणी उपटून नेतात. मजुरी म्हणून काडीच घ्यायची, असा जुना रिवाज. मागच्या साली मालकाने मशीनवाल्याला वावर दिलं. मशीनवाल्याने दोन तासांत चुरा करून नेला. “त्यायनं काई चोरी नाई केली भाऊ,” ती म्हणाली, “वावर त्यायचंच हाय. पण मले आधी सांगतले असते तं मी दुसरीकडं पाह्यलं असतं.” शास्त्रज्ञांचं म्हणणं बरोबर आहे, बोंडअळी जायला हवी. मालकाचंही बरोबर आहे. आणि पांढऱ्या कोळशाच्या प्रत्येक ताळेबंदात पऱ्हाटीची आधीची किंमत शून्य धरलेली असते. ती शून्य होती कारण बाईंचा व्यवहार कुठल्याच वहीत नव्हता.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर एरंडाचं घ्यावं. जगातलं बहुतेक एरंडेल भारतातून, त्यातही गुजरातेतून जातं. त्यापासून वंगण, रंग आणि नायलॉन-११ हे प्लास्टिकसुद्धा बनतं. पेंड विषारी, म्हणून जनावर तोंड लावत नाही, खत म्हणून शेतात जाते. तेल कुणी फोडणीला घालत नाही. हक्क सांगणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तंटाही नाही. अशी पिकं फार थोडी.

काट्यावर

ऊस पुन्हा घेतो, कारण वाट्याचा प्रश्न कायद्यात सर्वांत स्पष्ट विचारला गेला तो उसातच. रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्यावर ठरतो. २०२४-२५ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये. पण गोडी बी-हेवीत किंवा इथेनॉलमध्ये वळवली की साखरेचा उतारा कागदावर घटतो. म्हणून वळवलेल्या साखरेचा हिशेब लावून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून उतारा प्रमाणित करून घ्यावा लागतो. रंगराजन समितीने २०१२ मध्ये याहून सरळ तोडगा सुचवला होता: साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या पहिल्या फेरीच्या उपपदार्थांच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा उसाचा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये या धर्तीवर कायदाही केला. मात्र वाटा मोजला जातो तो मळीच्या विक्रीवर. मळीचं पुढे इथेनॉल, इथेनॉलचं पुढे एथिल ॲसिटेट झालं की त्या पुढच्या फेऱ्यांचं उत्पन्न या सूत्राबाहेर. माल जितका पुढे जातो तितका शेतकरी मागे राहतो. सहकारी कारखान्यात तो निदान सभासद तरी असतो, वार्षिक सभेत उठून विचारू शकतो. विचारतो का, तो भाग वेगळा.

ऊसतोड टोळ्यांना या सूत्रात जागाच नाही. त्यांचा दर टनावर. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली. त्याच्या जोडीला त्यांना वाढं मिळतं, उसाचा हिरवा शेंडा. बैल त्यावरच हंगाम काढतात, उरलेल्या पेंढ्या गावातले गाईम्हशीवाले विकत नेतात, आणि तो रोख पैसा संध्याकाळी मीठमिरचीला उपयोगी पडतो. हार्वेस्टर आला की वाढं तुकडे होऊन सरीत पडतं. टोळीही नाही, पेंढीही नाही. मी पाहिलेल्या गावात दूधवाल्यांना वैरण विकत आणावी लागत होती, आणि त्यांचा राग टोळ्यांच्या न येण्यावर होता, यंत्रावर नव्हता.

हार्वेस्टरच्या उसात पाचटाचे तुकडेही मिसळून येतात. म्हणून काट्यावर वजनातून साधारण साडेचार टक्के वजा होतात. त्या दिवशी काट्याच्या खिडकीशी एक शेतकरी पावती धरून उभा होता आणि चिटबॉयला शांतपणे विचारत होता, “वजा केलेलं पाचट गाडीतनं काढून देता का माघारी?” चिटबॉय हसला. काढून देता येत नाही. ते उसाबरोबरच गिरणीत जातं, बगॅसमध्ये मिसळतं आणि बॉयलरमध्ये जळतं. वजनात नसलेल्या पाचटाची वीज होते.

मी त्या पावतीवाल्या शेतकऱ्यासोबत त्यांच्या रानात गेलो. लागणीच्या प्लॉटमध्ये बेलर यंत्र चालू होतं, पाचटाचे गठ्ठे बांधून बांधाला रचत होतं. गठ्ठे कारखान्याच्या बॉयलरला जाणार होते, एकराला ठरलेल्या रकमेवर. पलीकडच्या प्लॉटमध्ये खोडवा ठेवलेला, तिथे पाचट सरीत तसंच पसरलेलं, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू टाकून. तिथे बेलरला शिरू दिलं नव्हतं. का, ते त्यांनी पायाने पाचट बाजूला करून दाखवलं. खाली माती दमट होती, पाणी देऊन बारा दिवस झाले होते. शेजारच्या जाळलेल्या फडात त्याच मुदतीत भेगा पडल्या होत्या. लागणीचं रान नांगरून हरभरा करायचा होता, म्हणून तिथलं दिलं.

“बेलरवाला एकराचं काय देतो?” मी विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला, आणि लगेच त्याच्या समोर दोन पाण्यांचं वीजबिल, एक पोतं युरिया आणि एका खुरपणीची मजुरी असं बोटांवर मोजून दाखवलं. बेरीज बेलरवाल्याच्या आकड्यापुढे गेली. पुढच्या साली कारखाना दर वाढवणार असं ऐकलंय म्हणाले, तेव्हा पुन्हा मांडून बघू.